मेंदूचा मुका मार

३१ जानेवारी २०२५ची रात्र. पुण्याजवळ गहुंजेच्या मैदानावर भारत-इंग्लंड टी-ट्वेंटी मालिकेतला चौथा सामना चालू होता. भारताच्या डावाच्या शेवटच्या षटकात जेमी ओव्हरटनचा उसळता चेंडू शिवम दुबेच्या हेल्मेटवर आदळला. मैदानावरच त्याची तपासणी झाली. दुबे उभा राहिला, शेवटचा चेंडू खेळला, धावबाद झाला आणि ५३ धावा करून परतला. नंतर त्याचं डोकं दुखत असल्याचं सांगण्यात आलं. डोक्याला मार लागलेल्या खेळाडूऐवजी बदली खेळाडू घेता येतो, या नियमाने इंग्लंडच्या डावात त्याच्या जागी हर्षित राणा उतरला. आंतरराष्ट्रीय टी-ट्वेंटीतला त्याचा तो पहिलाच सामना. त्याने तीन बळी घेतले आणि भारत १५ धावांनी जिंकला.

पुढचे दोन दिवस वाद रंगला तो एकाच गोष्टीवर. मध्यमगती गोलंदाजी करणाऱ्या फलंदाजाच्या जागी अस्सल वेगवान गोलंदाज कसा चालतो? या वादाकडे पुढे येतोच. पण आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक वेगळाच सूर पुन्हा पुन्हा उमटत होता, आणि मला खुपला तो हा सूर. "चेंडू लागल्यावर पुढचा बॉल खेळला की! मग आत जाऊन डोकं कसं दुखायला लागलं?" विचारणारे लोक क्रिकेट कोळून प्यायलेले. त्यातले दोघे तर शाळेतल्या पोरांना शिकवतात. त्या रात्री दुबेला नेमकं काय झालं होतं, यावर मी बोलणार नाही. ते त्याला तपासणाऱ्यांना ठाऊक. पण 'खेळत होता, म्हणजे ठीक होता' हा समज घेऊन कुणी पोरांच्या सामन्यात उभं राहत असेल, तर ती काळजीची गोष्ट आहे.

खरवसाचा डबा

आपल्याकडे एक नेमका शब्द आहे: मुका मार. रक्त नाही, जखम नाही, हाड मोडलेलं नाही, तरी आतून ठणका. मेंदूला बसलेल्या अशाच मुक्या माराला वैद्यकात कन्कशन म्हणतात. डोक्याला, मानेला, कधी छातीलाही बसलेल्या धक्क्याने मेंदू कवटीच्या आत हिंदकळतो आणि काही काळ त्याचं काम बिघडतं. व्याख्या एवढीच.

मेंदू साधारण १३०० ते १४०० ग्रॅमचा, हाताला अगदी लिबलिबीत लागणारा अवयव. भोवती पाण्यासारखा द्रव आणि त्यावर कवटी. समजा, स्टीलच्या डब्यात खरवस घेऊन तुम्ही एसटीने निघालात. घाटात ड्रायव्हरने करकचून ब्रेक लावला आणि लगेच गाडी वळवली. डब्याला पोचाही आला नाही. घरी येऊन झाकण उघडलं तर खरवस मात्र आत हललेला, कडेने सुटलेला. मेंदूला सरळ धक्क्यापेक्षा गरकन फिरणं जास्त बाधतं. बाउन्सर हेल्मेटला लागला की मान झटक्यात वळते. कबड्डीत पकड होताना चढाई करणारा आडवा होतो आणि डोकं मॅटवर आपटतं. बॉक्सिंगमध्ये हनुवटीवर ठोसा बसतो. तिन्हींत डोकं फिरतं आणि मेंदूतले लांब, नाजूक तंतू ताणले जातात, पिळवटले जातात.

हेल्मेटचं काय, हा प्रश्न इथेच येतो. हेल्मेट म्हणजे डब्याचा जाड पत्रा. कवटी फुटू न देणं हे त्याचं काम आणि ते तो चोख करतो, त्यामुळे हेल्मेट घालायलाच हवं. पण आतला खरवस हलायचा तो हलतोच.

उपमा इथे थोडी सोडावी लागते. खरवस तुटतो. कन्कशनमध्ये मेंदूचे तुकडे पडत नाहीत, बिघडतो तो त्याचा कारभार. तंतू ताणले गेले की पेशींच्या आतबाहेरच्या क्षारांची अदलाबदल होते. पोटॅशियम बाहेर सांडतं, कॅल्शियम आत शिरतं. हे पुन्हा जागच्या जागी आणायला पेशींना एकदम खूप ऊर्जा लागते, आणि नेमका त्याच काळात मेंदूचा रक्तपुरवठा मंदावलेला असतो. गावात आठ तासांनी लाइट आली की साऱ्या शिवारातल्या मोटारी एकाच वेळी सुरू होतात आणि डीपीवरचा फ्यूज उडतो, तशातली गत. तारा शाबूत, खांब उभे, पण पाणी काही चढत नाही. हा तुटवडा तासाभरात भरून निघत नाही, त्याला दिवस लागतात, कधी आठवडे.

सीटी स्कॅन नॉर्मल आला, म्हणजे सुटलो?

नाही. आणि घरोघरी सगळ्यात मोठा गोंधळ इथेच होतो.

सिग्नल बंद पडलेल्या चौकाचा वरून फोटो काढला, तर रस्ते दिसतील, पूल दिसेल, दुभाजक दिसेल. सगळं जागच्या जागी. वाहतूक का खोळंबली ते फोटो सांगणार नाही. सीटी स्कॅन आणि नेहमीचा एमआरआय हे असे फोटो आहेत. कवटीला तडा आहे का, आत रक्तस्राव होतोय का, हे सीटी सांगतो. कन्कशन त्यात सहसा दिसतच नाही.

तरी सीटीची गरज कधी प्राणांवरची असते, हे भारताचा क्रिकेटपटू रमण लांबा याच्या आठवणीने कळतं. फेब्रुवारी १९९८, ढाक्यातला एक क्लब सामना. लांबा फलंदाजाच्या अगदी जवळ, हेल्मेट न घालता क्षेत्ररक्षणाला उभा होता. चेंडू कानशिलाजवळ लागला. तो स्वतःच्या पायांनी चालत मैदानाबाहेर गेला. नंतर प्रकृती झपाट्याने ढासळली, शस्त्रक्रिया झाली आणि तीन दिवसांनी तो गेला. ते कन्कशन नव्हतं, कवटीच्या आत रक्तस्राव झाला होता.

तेव्हा डोक्याला मार लागला की प्रश्न दोन असतात आणि ते वेगळे ठेवावे लागतात. पहिला: आत रक्तस्राव आहे का? याचं उत्तर हॉस्पिटल आणि स्कॅन देतात. दुसरा: मेंदूचं काम बिघडलंय का? याचं उत्तर माणसाकडे नीट पाहून, त्याच्याशी बोलून, त्याला चालायला लावून मिळतं. पहिल्याचं उत्तर 'नाही' आलं, म्हणून दुसऱ्याचंही 'नाही' होत नाही.

'शुद्ध तर हरपली नव्हती'

कन्कशन झालेल्या बहुसंख्य खेळाडूंची शुद्ध हरपतच नाही. ती हरपण्याचं प्रमाण साधारण दहात एक किंवा त्याहून कमी धरलं जातं. बाकीचे उभे असतात, बोलत असतात, खेळतही असतात.

२०१४च्या फुटबॉल विश्वचषकाचा अंतिम सामना आठवा, जर्मनी विरुद्ध अर्जेंटिना. जर्मनीच्या ख्रिस्तोफ क्रामरला सतराव्या मिनिटाला प्रतिस्पर्ध्याच्या खांद्याचा जबर धक्का बसला. तो उठला आणि खेळत राहिला. थोड्या वेळाने त्याने पंच निकोला रिझोली यांना विचारलं, हा अंतिम सामनाच आहे ना? रिझोलींना आधी ती थट्टा वाटली, मग त्यांनी जर्मन संघाला सावध केलं. एकतिसाव्या मिनिटाला क्रामर बाहेर आला. मधली चौदा मिनिटं जगातला सर्वांत मोठा सामना खेळत असलेल्या या माणसाला आपण कुठे आहोत याचा पत्ता नव्हता, आणि करोडो प्रेक्षकांपैकी कुणाला ते कळलं नव्हतं.

असाच एक प्रसंग मी हातभर अंतरावरून पाहिला आहे. माझा भाचा तेव्हा चौदा वर्षांचा होता, शालेय सामन्यात यष्टिरक्षण करत होता. झेल घ्यायला झेपावला आणि पहिल्या स्लिपमधल्या मुलाच्या गुडघ्यावर त्याचं कानशील आपटलं. तोंडावर पाणी मारलं. कुणीतरी दोन बोटं नाचवून "किती?" विचारलं. तो म्हणाला, "दोन." टाळ्या वाजल्या, खेळ सुरू. उरलेली नऊ षटकं त्याने यष्ट्यांमागे काढली, एक बायसुद्धा दिली नाही. मी सीमारेषेवर बसलो होतो, मलाही काही वावगं वाटलं नाही. परतताना रिक्षात त्याने विचारलं, "मामा, किट बॅग घेतली ना?" बॅग त्याच्या मांडीवर होती. मी म्हटलं, अरे, ही काय. दोन सिग्नल गेले. "मामा, किट बॅग घेतली ना?" तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी रिक्षा हॉस्पिटलकडे वळवायला सांगितली. बॅगेच्या बंदावर त्याची दोन्ही हातांची बोटं घट्ट आवळलेली होती. तरीही तो विचारत होता.

डॉक्टर नेमकं काय तपासतात?

बोटं मोजायला लावून काही कळत नाही. जगभरच्या क्रीडा-वैद्यकात स्कॅट नावाची तपासणी वापरतात. खेळातल्या कन्कशनवरच्या आंतरराष्ट्रीय परिषदांमधून ती घडत आली. पहिली परिषद २००१ साली व्हिएन्नात झाली, सहावी ऑक्टोबर २०२२मध्ये ॲमस्टरडॅमला. त्यातून २०२३ साली आलेली आवृत्ती म्हणजे स्कॅट-६. ती तेरा वर्षांवरच्यांसाठी आहे, लहान मुलांसाठी वेगळी. नीट करायची तर दहा-पंधरा मिनिटं लागतात. सामना थांबवून दोन मिनिटांत उरकण्याची ती गोष्ट नव्हे.

सुरुवात साध्या प्रश्नांनी होते. आपण कुठल्या मैदानावर आहोत? शेवटचा गोल कुणी केला? मागचा सामना कुणाशी होता, तो जिंकलो का? स्वतःचं नाव, वडिलांचं नाव विचारत नाहीत, कारण ती जुनी, पक्की माहिती मार बसल्यावरही सहसा टिकते. पुसली जाते ती ताजी आठवण. मग बावीस लक्षणांची यादी: डोकेदुखी, मळमळ, गरगरणं, उजेड सहन न होणं, डोक्यात धुकं दाटल्यासारखं वाटणं, चिडचिड, उगाच रडू येणं. प्रत्येकाला शून्य ते सहा गुण. पुढे दहा शब्द ऐकवून लगेच म्हणायला लावतात, आणि पाच मिनिटांनी पुन्हा विचारतात. आकडे उलटे, महिने डिसेंबरपासून मागे. एका पायावर तोल, आणि तीन मीटरच्या पट्टीवर टाचेला अंगठा लावत चाल.

आता गंमत अशी की यांपैकी कुठल्याच गोष्टीला सर्वांना लागू पडेल असा 'पास'चा आकडा नाही. मला धडधाकट असताना दहातले सहा शब्द आठवतात, तुम्हाला नऊ. उद्या मार लागल्यावर तुम्हाला सहा आठवले, तर माझ्या मापाने तुम्ही ठणठणीत आणि तुमच्या मापाने आजारी. आईला नुसत्या हाताने लेकराची कणकण कळते, कारण त्याचं रोजचं अंग तिला ठाऊक असतं. म्हणून व्यावसायिक खेळांत हंगाम सुरू होण्याआधीच प्रत्येक खेळाडूची ही तपासणी करून आकडे लिहून ठेवतात. मार लागल्यावर त्याची तुलना होते ती त्याच्याशीच.

यात आपल्यासाठी एक मोठी मेख आहे, आणि तिच्याकडे फारसं कुणी लक्ष देत नाही. करवीरच्या एखाद्या पोराला इंग्रजी शब्दांची यादी ऐकवली आणि त्याला चारच आठवले, तर आपण त्याचा मेंदू तपासला की इंग्रजी? चमचा, पतंग, दोरी, लिंबू, खिडकी अशा शब्दांची, घरच्या भाषेतली, नीट पारखून घेतलेली तपासणी मुलांच्या हाती असायला हवी. निदान सुधारायचं म्हणजे फक्त नवी यंत्रं आणायची असं नव्हे, हेही त्यातच येतं.

आज पास, उद्या नापास

ऑगस्ट २०१९, लॉर्ड्सवरची इंग्लंड-ऑस्ट्रेलिया कसोटी. जोफ्रा आर्चरचा ताशी सुमारे १४८ किलोमीटर वेगाचा चेंडू स्टीव्ह स्मिथच्या मानेवर, कानाच्या खाली बसला. स्मिथ ८० धावांवर होता, जागीच आडवा झाला. त्याला आत नेऊन सगळ्या तपासण्या झाल्या. त्या तो पास झाला, पुन्हा फलंदाजीला आला आणि ९२वर बाद झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी उठला तेव्हा डोकं दुखत होतं, सुस्ती होती. पुन्हा तपासलं, आणि या वेळी कन्कशनचं निदान झालं. आयसीसीचा बदली खेळाडूचा नियम त्याच महिन्यात लागू झाला होता. स्मिथच्या जागी मार्नस लाबुशेन आला, कसोटी इतिहासातला असा पहिला बदली खेळाडू. पुढच्या कसोटीलाही स्मिथला मुकावं लागलं.

आदल्या दिवशीचे डॉक्टर चुकले का? तसं म्हणता येणार नाही. क्षारांची ती अदलाबदल आणि ऊर्जेचा तुटवडा हळूहळू वाढत जातो, त्यामुळे लक्षणं काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी वर येतात. मुका मार तरी कुठे लगेच दुखतो? पडल्या पडल्या आपण धूळ झटकून चालू लागतो, सकाळी अंथरुणातून उठताना कळतं. ग्रुपवरच्या त्या प्रश्नाचं उत्तर हे आहे: पुढचा चेंडू खेळल्यानंतर डोकं दुखू लागणं यात संशयास्पद काहीच नाही, ते या दुखापतीच्या स्वभावातच आहे.

रग्बीने हे ओळखून तपासणी तीन वेळा करायचं ठरवलं. अव्वल दर्जाच्या सामन्यांत शंका आली की खेळाडूला बारा मिनिटं बाहेर काढतात, तेवढ्यापुरता दुसरा आत जातो आणि डॉक्टर शांत खोलीत तपासतात. सामना संपल्यावर तीन तासांच्या आत दुसरी तपासणी. मध्ये दोन रात्री जाऊ देऊन तिसरी. पण मैदानावर झोकांडी गेली, शुद्ध हरपली, हातपाय ताठरले किंवा आकडी आली, तर पुढची चाचणी परत पाठवायचं की नाही हे ठरवायला वापरतच नाहीत. तो खेळाडू त्या दिवशीपुरता बाहेर.

'मी ठीक आहे, सर'

इतकं सगळं असूनही या निदानातला सगळ्यात कच्चा दुवा खेळाडू स्वतःच असतो. बावीस लक्षणांची यादी भरायची त्यानेच. पंधरा मिनिटांनी त्याची फलंदाजी आहे, निवड समितीचे लोक आलेत, घरून आजोबा बघायला आलेत. तो 'काही नाही' म्हणणारच. शिवाय ज्या मेंदूने स्वतःची तपासणी करून सांगायचं, तोच मेंदू मार खाल्लेला. अंपायरने कुणाला पायचीत द्यावं हे आपण फलंदाजाला विचारत नाही. इथे मात्र विचारत बसतो.

अमेरिकन फुटबॉलला हा धडा महागात पडला. सप्टेंबर २०२२मध्ये मायामी संघाचा तुआ टागोवायलोआ पडल्यावर उठला आणि सर्वांसमक्ष झोकांड्या खाल्ल्या. पाठीच्या दुखण्यामुळे तसं झालं, असं सांगून त्याला त्याच सामन्यात परत उतरवलं गेलं. चारच दिवसांनी दुसऱ्या सामन्यात तो पुन्हा डोक्यावर आपटला आणि स्ट्रेचरवरून न्यावा लागला. ऑक्टोबरमध्ये नियम बदलला: तोल गेलेला दिसला की त्या सामन्यात परत येणं नाही. तिथे संघाच्या पगारावर नसलेले मेंदूतज्ज्ञ मैदानाशी हजर असतात आणि वर बसून पडद्यावर नजर ठेवणारी माणसंही नेमलेली असतात. निर्णय खेळाडूच्या आणि प्रशिक्षकाच्या हातून काढून घेणं, ही गेल्या पंचवीस वर्षांतली सगळ्यात मोलाची सुधारणा आहे असं मला वाटतं. कुठल्याही यंत्रापेक्षा.

पोरांना हे पटवायचं तर भीती घालण्यापेक्षा हिशेब दाखवावा. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात ६९ किशोरवयीन खेळाडू होते. मार लागताच बाहेर बसलेल्यांना बरं व्हायला सरासरी २२ दिवस लागले. खेळत राहिलेल्यांना ४४. 'आजचा सामना सोडत नाही' म्हणणारा पोरगा तीन आठवड्यांचे सामने गमावतो.

आणि क्वचित याहून भयंकर घडतं. पहिला मार भरून न येता दुसरा बसला तर मेंदूला अचानक सूज येऊ शकते, विशेषतः कोवळ्या वयात. २०११ साली उत्तर आयर्लंडमध्ये चौदा वर्षांचा एक शाळकरी मुलगा रग्बी खेळताना असाच गेला. डोक्याला मार लागूनही तो सामन्यात खेळत राहिला होता.

संघ याचा गैरफायदा घेणार नाहीत का?

घेऊ शकतात, आणि ही शंका रास्त आहे. डिसेंबर २०२०मध्ये कॅनबेरात मिचेल स्टार्कचा चेंडू रवींद्र जडेजाच्या हेल्मेटला लागला. त्याच्या जागी युजवेंद्र चहल आला आणि तीन बळी घेऊन सामनावीर ठरला. ऑस्ट्रेलियाचे प्रशिक्षक जस्टिन लँगर तेव्हा सामनाधिकारी डेव्हिड बून यांच्याशी वाद घालताना दिसले. गहुंजेला इंग्लंडचा तेव्हाचा कर्णधार जॉस बटलरने नाराजी बोलून दाखवली. नियम म्हणतो की बदली खेळाडू शक्यतो तोलामोलाचा, त्याच पठडीतला हवा. वेगवान राणा हा दुबेला पर्याय ठरतो का, यावर बटलरशी मी बराचसा सहमत आहे.

पण इथे दोन गोष्टींची गल्लत होते. कोण बाहेर जाणार हा वैद्यकीय प्रश्न. कोण आत येणार हा खेळाच्या न्यायाचा. दुसऱ्यात पळवाट असेल तर ती बुजवावी, त्यापायी पहिल्यावर संशय घेऊ नये. आयसीसीने २०२५च्या जून-जुलैपासून तेच केलं. प्रत्येक संघाने पाच संभाव्य बदली खेळाडूंची नावं आधीच द्यायची: एक यष्टिरक्षक, एक फलंदाज, एक वेगवान गोलंदाज, एक फिरकीपटू आणि एक अष्टपैलू. शिवाय कन्कशनचं निदान झालेल्या खेळाडूला किमान सात दिवस सक्तीची विश्रांती. खोटं सोंग घ्यायचं तर आता पुढचा सामनाही गमावावा लागेल.

उलट, बदली खेळाडूच मिळत नसता तर काय होतं, हे आपण शतकभर पाहिलं आहे. अकराचे दहा होऊ नयेत म्हणून माणसं डोकं धरून खेळत राहिली.

रक्त, लाळ आणि दातांवरचं यंत्र

मग थेंबभर रक्तात उत्तर मिळेल का? २०१८ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मेंदूच्या इजेसाठी पहिल्या रक्तचाचणीला परवानगी दिली. मेंदूच्या पेशी दुखावल्या की दोन प्रथिनं रक्तात उतरतात, ती ही चाचणी मोजते. २०२४मध्ये पंधरा मिनिटांत निकाल देणारी, रुग्णाच्या खाटेशीच करता येणारी आवृत्ती आली, तीही प्रौढांसाठी. बातम्यांत मात्र 'कन्कशनची चाचणी' असा गाजावाजा झाला. ही चाचणी सांगते ते इतकंच की सीटी स्कॅनची गरज आहे की नाही. म्हणजे आपल्या दोन प्रश्नांतल्या पहिल्याच प्रश्नाला तिची मदत होते.

लाळेची वाट अधिक आशेची वाटते. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या संशोधकांनी दोन हंगाम रग्बीपटूंच्या लाळेचे नमुने घेतले. एकूण १०२८ खेळाडू. लाळेतल्या काही सूक्ष्म आरएनए रेणूंवरून कन्कशन ओळखण्यात त्यांना ९४ टक्के अचूकता मिळाली, असं २०२१ साली प्रसिद्ध झालं. पण सगळे प्रौढ पुरुष, सगळे व्यावसायिक. मुली आणि शाळकरी मुलं त्यात नव्हती, आणि नमुना प्रयोगशाळेत पाठवावा लागतो.

तिसरं साधन दातांवर बसवायचं. २०२४पासून अव्वल रग्बीत खेळाडूंच्या माउथगार्डमध्ये संवेदक असतात. डोक्याला ठरावीक मर्यादेपलीकडे झटका बसला की सीमारेषेवरच्या डॉक्टरांच्या स्क्रीनवर इशारा येतो. गर्दीत नजरेतून निसटलेला मार यामुळे पकडला जातो, हा फायदा मोठा. तरी हे यंत्र झटका मोजतं, दुखापत नाही. एकाच रिक्षात, एकाच स्पीडब्रेकरवरून गेल्यावर नातू हसतो आणि आजीची कंबर धरते. किती झटक्याला कन्कशन होतंच, असा आकडा आजवर कुणाला सापडलेला नाही.

ॲमस्टरडॅमच्या परिषदेनेही अशा चाचण्या सध्या संशोधनासाठी मोलाच्या मानल्या, रोजच्या निदानासाठी नाही.

आमच्या मैदानावर डॉक्टरच नसतो

बरोबर. आझाद मैदानावर एका वेळी डझनभर सामने, तालुक्याच्या कबड्डी स्पर्धेत रात्री अकरा वाजता उपांत्य फेरी, तिथे कुठला स्कॅट आणि कुठला मेंदूतज्ज्ञ.

पण मैदानावर निदान करायचंच नाही. मैदानावर फक्त शंका घ्यायची. निदान डॉक्टर करतील, आज किंवा परवा. शंका घ्यायला पदवी लागत नाही, बघणारा माणूस लागतो. डोक्याला मार लागल्यावर मूल उठायला वेळ लावतंय, शून्यात बघतंय, चालताना लडखडतंय, चुकीच्या जागी जाऊन उभं राहतंय, तेच तेच विचारतंय, 'गरगरतंय', 'विचित्र वाटतंय' म्हणतंय: यांतलं एक जरी दिसलं तरी त्या दिवशीचा खेळ संपला. प्रशिक्षकाने बाहेर काढायचं आणि एकटं सोडायचं नाही. घरी सायकलवरून पाठवायचं नाही. आई-वडिलांना फोन करून काय झालं ते स्पष्ट सांगायचं, कारण मुलात पडलेला फरक रात्री सगळ्यांत आधी त्यांच्याच लक्षात येईल.

पुन्हा पुन्हा उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, वाढती गुंगी, आकडी, एकाचे दोन दिसणं, हातापायात मुंग्या किंवा जोर नसणं, मानेत तीव्र वेदना, शुद्ध हरपणं. यांतलं काहीही दिसलं तर थांबायचं नाही, १०८ला फोन. मान दुखत असेल तर त्याला उचलू नका, हलवू नका.

बाकीच्यांनी दोन दिवस सबुरीने घ्यायचं. अंधाऱ्या खोलीत कोंडून ठेवण्याचा सल्ला आता मागे पडला आहे. घरात हिंडावं, थोडं चालावं, मोबाइल-टीव्ही कमी करावा. मग शाळा, आणि खेळ पायरीपायरीने: भरभर चालणं, हलकं धावणं, एकट्याचा सराव, संघाबरोबर टक्कर टाळून सराव, डॉक्टरांच्या परवानगीनंतर पूर्ण सराव, शेवटी सामना. प्रत्येक पायरीला किमान एक दिवस. त्रास वाढला तर एक पायरी खाली. ब्रिटनमध्ये हौशी खेळाडूंसाठी २०२३ साली आलेल्या सूचनेत तर एकविसाव्या दिवसाआधी सामना खेळायलाच मनाई आहे. मुलांसाठी मला तोच दंडक पटतो.

भाच्याला डॉक्टरांनी याच पायऱ्या लिहून दिल्या होत्या. ताईने तो कागद फ्रिजवर लावला आणि रोज एक खूण करायची. चौथ्या पायरीला, नेटमध्ये दहाएक मिनिटं झाली असतील, त्याने ग्लोव्ह्ज काढले, सरांकडे गेला आणि म्हणाला, "सर, डोकं दुखतंय." सरांनी काही न बोलता त्याला सावलीत बसवलं, ताईला फोन लावला, आणि दुसऱ्या दिवशी त्याला पुन्हा तिसऱ्या पायरीवर एकट्याने पळायला सांगितलं.